घटक ४ : कृत्रिम बुद्धिमत्तेची कौशल्ये आणि माध्यमिक शाळेतील मराठीचा वर्ग

४.० उद्दिष्टे

या घटकाचा अभ्यास केल्यानंतर तुम्हांला :

• यंत्र 'शिकते' म्हणजे नेमके काय होते, हे सोप्या मराठीत स्पष्ट करता येईल.
• माध्यमिक स्तरावर कृत्रिम बुद्धिमत्तेची कोणती कौशल्ये शिकवावीत, याची कारणांसह मांडणी करता येईल.
• मराठीची रूपव्यवस्था, लेखनव्यवस्था आणि बोली यांमुळे यंत्रासमोर उभ्या राहणाऱ्या अडचणी सोदाहरण सांगता येतील.
• संगणक नसलेल्या वर्गातही घेता येतील असे उपक्रम आखता येतील.
• यंत्राच्या मदतीने झालेल्या लेखनाचे मूल्यमापन कसे करावे, याविषयी स्वतःचे मत बनवता येईल.

४.१ प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, मागील घटकात आपण भाषा आणि प्रसारमाध्यमे यांच्यातील संबंधांचा विचार केला. प्रस्तुत घटकात त्याच विचाराचे पुढचे पाऊल टाकायचे आहे. तुमच्यापैकी काहीजण उद्या शिक्षक होतील, काहीजण आजच शाळेत काम करीत असतील आणि अनेकांच्या घरी आठवी-नववीत शिकणारी मुले असतील. म्हणून हा विषय केवळ संगणकाच्या शिक्षकांचा आहे असे समजून बाजूला ठेवता येणार नाही.

एक प्रसंग डोळ्यांसमोर आणा. नववीच्या वर्गात 'माझ्या गावचा बाजार' या विषयावर निबंध लिहून आणण्यास सांगितले आहे. एका विद्यार्थ्याची वही तपासताना शुद्धलेखनाची एकही चूक सापडत नाही. वाक्ये घोटीव आहेत, परिच्छेद नेटके आहेत, शेवटी एक सुविचारही आहे. तथापि, त्या निबंधात गाव नाही. तो निफाडचा बाजार आहे की नागपूरचा, हे कळत नाही. लिलावाची बोली नाही, हमालांची हाकाटी नाही, भाव पडल्यावर ट्रॅक्टरवर गप्प बसून राहिलेला बाप नाही. तो निबंध यंत्राने लिहिला आहे, हे शिक्षकाला जाणवते. आता शिक्षकाने काय करावे? वही परत करावी? मोबाइलवर बंदी घालावी? की काळ बदलला असे म्हणून गुण द्यावेत?

या प्रश्नाचे उत्तर देण्यापूर्वी ते यंत्र काय करते, हे आपल्याला आणि त्या विद्यार्थ्याला ठाऊक असले पाहिजे. ते ठाऊक करून देणे म्हणजेच कृत्रिम बुद्धिमत्तेचे शिक्षण होय. केवळ यंत्राला प्रश्न विचारता येणे म्हणजे कौशल्य नव्हे. आलेले उत्तर पारखता येणे हे कौशल्य आहे. हा या घटकाचा मध्यवर्ती विचार आहे.

४.२ विषय-विवेचन

४.२.१ नाशिकचे एक उदाहरण : पावलांची मोजदाद

नाशिकमध्ये दर बारा वर्षांनी सिंहस्थ कुंभमेळा भरतो. २७ ऑगस्ट २००३ रोजी रामकुंडाकडे जाणाऱ्या अरुंद रस्त्यावर चेंगराचेंगरी होऊन ३९ भाविकांचा मृत्यू झाला. त्यानंतरचा सिंहस्थ २०१५ मध्ये होता. त्याच्या तयारीच्या काळात, मूळचे नाशिकचे आणि अमेरिकेतील एमआयटी मीडिया लॅबमध्ये अध्यापन करणारे डॉ. रमेश रासकर यांच्या पुढाकाराने नाशिकमध्ये 'कुंभथॉन' हा उपक्रम सुरू झाला. कुंभमेळ्यात उद्भवणाऱ्या गर्दी, आरोग्य, निवास इत्यादी प्रश्नांवर विद्यार्थी, अभियंते आणि नागरिक यांनी एकत्र बसून उपाय शोधावेत, अशी त्यामागची कल्पना होती.

या वातावरणात निलय कुलकर्णी हा नाशिकचा शाळकरी विद्यार्थी २०१४ मध्ये गर्दीच्या प्रश्नाकडे वळला. त्या वेळी तो पंधरा वर्षांचा होता आणि संगणकाची आज्ञावली लिहिण्यास तो स्वतःच शिकला होता. त्याने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी 'अशिओटो' नावाचे उपकरण तयार केले. 'अशिओटो' हा जपानी शब्द असून त्याचा अर्थ पावलांचा आवाज असा होतो. दाब ओळखणारे संवेदक बसवलेली चटई रस्त्यावर अंथरायची. तिच्यावरून माणसे चालत गेली की पावलांची नोंद होते. त्या नोंदींवरून ठरावीक वेळेत किती माणसे पुढे सरकली हे व्यवस्थापन करणाऱ्यांना कळते. एखाद्या वाटेवर ओघ वाढू लागला, तर लोकांना दुसऱ्या वाटेने वळवता येते. हे उपकरण २०१५ च्या सिंहस्थात वापरले गेले.

या उदाहरणाकडे अभ्यासकाच्या नजरेने पाहा. त्यातून तीन गोष्टी शिकण्यासारख्या आहेत.

पहिली गोष्ट अशी की, सुरुवात यंत्रापासून झाली नाही. ती प्रश्नापासून झाली. आपल्या शहरात माणसे चेंगरून मेली, तसे पुन्हा होऊ नये, हा तो प्रश्न होता.

दुसरी गोष्ट अशी की, काटेकोरपणे पाहिले तर पावले मोजणे म्हणजे कृत्रिम बुद्धिमत्ता नव्हे. ती मोजदाद आहे. मात्र अशा मोजदादीच्या हजारो नोंदी साठल्या आणि त्यांवरून 'पुढील अर्ध्या तासात या चौकात किती गर्दी होईल' याचे अनुमान यंत्र करू लागले, तर तेथे कृत्रिम बुद्धिमत्तेचा प्रांत सुरू होतो. नोंदींशिवाय अनुमान नाही, हा या विद्येचा पहिला धडा आहे.

तिसरी गोष्ट अशी की, २०१५ चा सिंहस्थ चेंगराचेंगरीविना पार पडला, म्हणून त्याचे सारे श्रेय एका चटईला देणे बरोबर नाही. पोलिसांचा बंदोबस्त, वाटांचे नियोजन, स्वयंसेवक अशी अनेक कारणे एकाच वेळी काम करीत होती. 'हे झाले आणि नंतर ते झाले' याचा अर्थ 'यामुळे ते झाले' असा होत नाही. ही सावधगिरी विद्यार्थ्याला लावणे, हेही याच शिक्षणाचे अंग आहे.

४.२.२ यंत्र 'शिकते' म्हणजे काय?

'कृत्रिम बुद्धिमत्ता' या संकल्पनेला आता जवळपास सात दशकांचा इतिहास आहे. ॲलन ट्युरिंग यांनी १९५० मध्ये यंत्रे विचार करू शकतील काय, हा प्रश्न एका निबंधातून मांडला. जॉन मॅकार्थी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५६ मध्ये डार्टमथ येथे भरवलेल्या परिषदेपासून या ज्ञानशाखेला तिचे नाव मिळाले. ३० नोव्हेंबर २०२२ रोजी 'चॅटजीपीटी' सर्वांसाठी खुले झाले आणि हा विषय प्रयोगशाळेतून घराघरांत आला.

नेहमीच्या संगणकीय आज्ञावलीत माणूस नियम सांगतो आणि यंत्र ते पाळते. यंत्रशिक्षणात क्रम उलटा असतो : माणूस उदाहरणे देतो आणि यंत्र त्यांतून नियमितता शोधते. अशा नोंदींच्या वा उदाहरणांच्या संग्रहाला मराठीत 'विदा' हा शब्द रूढ होत आहे. बोलताना आपण 'डेटा' म्हणतो. उदाहरणांवरून यंत्राने तयार केलेल्या गणिती रचनेला 'प्रतिमान' किंवा 'मॉडेल' असे म्हणतात.

नाशिक जिल्ह्याला जवळचे असे एक कल्पित उदाहरण घेऊ. निफाड तालुक्यातील एका शाळेतील विद्यार्थ्यांना चांगला आणि सडका कांदा ओळखणारे प्रतिमान तयार करायचे आहे. ते दोन्ही प्रकारच्या कांद्यांची छायाचित्रे काढतात आणि 'टीचेबल मशीन' यासारख्या विनामूल्य साधनात ती घालतात. प्रत्येक छायाचित्राबरोबर 'चांगला' किंवा 'सडका' अशी खूण दिलेली असते. यंत्र रंग, छटा, कडा यांतील फरक शोधते. त्यानंतर पूर्वी न दाखवलेले छायाचित्र दाखवले की ते आपला निर्णय सांगते. ज्यांवरून यंत्र शिकले ती छायाचित्रे म्हणजे प्रशिक्षणाची विदा आणि ज्यांवर त्याची परीक्षा घेतली ती चाचणीची विदा. या दोन्ही वेगळ्या ठेवाव्या लागतात. ज्या गणितांचा सराव करून घेतला, तीच गणिते परीक्षेत दिली तर मुलाला गणित आले की पाठ झाले, हे कसे कळणार? यंत्राचेही तसेच आहे.

आता समजा, चांगल्या कांद्यांची छायाचित्रे खळ्यात उन्हात काढली आणि सडक्या कांद्यांची छायाचित्रे चाळीतल्या अंधारात काढली. यंत्र कांद्यातील भेद न शिकता उजेडातील भेद शिकेल. अंधारातला चांगला कांदाही ते सडका ठरवील. यंत्राने लबाडी केलेली नाही. आपण दिलेल्या विदेतच कल होता. यालाच विदेतील 'पूर्वग्रह' असे म्हणतात. कांद्याच्या बाबतीत अशा चुकीने थोडे नुकसान होईल. परंतु नोकरीसाठी माणसे निवडणाऱ्या किंवा कर्जाचे अर्ज तपासणाऱ्या यंत्रात असा पूर्वग्रह असेल, तर माणसांवर अन्याय होईल.

अचूकतेचा आकडाही तपासून घ्यावा लागतो. १०० कांद्यांपैकी ९० चांगले आणि १० सडके आहेत असे समजू. एका यंत्राने काहीही न पाहता सर्वच कांदे 'चांगले' म्हटले, तर ९० उत्तरे बरोबर येतात. त्याची अचूकता ९० टक्के. पण एकही सडका कांदा सापडला नाही. दुसऱ्या यंत्राने १० पैकी ८ सडके कांदे ओळखले आणि ९० पैकी ६ चांगल्या कांद्यांना चुकून सडके म्हटले. त्याची बरोबर उत्तरे ८ अधिक ८४, म्हणजे ९२ झाली. दोन्ही यंत्रांच्या अचूकतेत अवघ्या दोन टक्क्यांचा फरक दिसतो. उपयोगात मात्र जमीन-अस्मानाचा फरक आहे. 'आमचे यंत्र ९० टक्के अचूक आहे' अशी जाहिरात वाचल्यावर 'कशात चुकते आणि त्या चुकीची किंमत कोण मोजते?' असा प्रश्न विद्यार्थ्याने विचारला, तर शिक्षण सार्थकी लागले असे समजावे.

स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न – १

अ) पुढील विधाने बरोबर की चूक ते सांगा.
१. यंत्रशिक्षणात माणूस सर्व नियम आधी लिहून देतो.
२. प्रशिक्षणाची विदा आणि चाचणीची विदा वेगळी असावी लागते.
३. अचूकतेची टक्केवारी जास्त असली की यंत्र उपयुक्तच असते.
आ) 'अशिओटो' या उपकरणाच्या कार्याला काटेकोर अर्थाने कृत्रिम बुद्धिमत्ता का म्हणता येत नाही? एका वाक्यात उत्तर लिहा.

४.२.३ अभ्यासक्रमातील स्थान

भारतात या विषयाकडे धोरण म्हणून पाहण्यास अलीकडे सुरुवात झाली. नीती आयोगाने जून २०१८ मध्ये कृत्रिम बुद्धिमत्तेसंबंधी राष्ट्रीय व्यूहनीतीचा दस्तऐवज प्रसिद्ध केला. केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाने २०१९-२० या शैक्षणिक वर्षापासून इयत्ता नववीसाठी कृत्रिम बुद्धिमत्ता हा ऐच्छिक कौशल्य विषय सुरू केला. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्येही कृत्रिम बुद्धिमत्तेचा समावेश योग्य टप्प्यावर शिकवावयाच्या समकालीन विषयांत केलेला आहे.

केंद्रीय मंडळाच्या अभ्यासक्रमात 'प्रकल्प-चक्र' ही कल्पना महत्त्वाची आहे. प्रश्नाची व्याप्ती ठरवणे, विदा मिळवणे, विदेचा शोध घेणे, प्रतिमान तयार करणे आणि त्याचे मूल्यमापन करणे, असे त्याचे टप्पे आहेत. यातील पहिला टप्पा नीट पाहा. प्रश्न कोणाचा आहे, नेमका कोणता आहे, कोठे उद्भवतो आणि तो सोडवणे का आवश्यक आहे, हे विद्यार्थ्याने शब्दांत मांडायचे असते. हे काम भाषेचे आहे. ज्याला प्रश्न नेमक्या शब्दांत मांडता येत नाही, त्याला यंत्राकडून नेमके उत्तर मिळत नाही.

आंतरराष्ट्रीय पातळीवर युनेस्कोने २०२४ मध्ये विद्यार्थ्यांसाठी कृत्रिम बुद्धिमत्तेविषयीच्या क्षमतांचा आराखडा प्रसिद्ध केला. त्यात मानवकेंद्री दृष्टी, नीतिविचार, तंत्रे व उपयोजने आणि प्रणालीची रचना अशी चार अंगे असून आकलन, उपयोजन आणि निर्मिती अशा तीन पायऱ्या आहेत. अशा एकूण बारा क्षमता होतात. या चार अंगांपैकी पहिली दोन तंत्राची नसून विचारांची आहेत, ही बाब ध्यानात ठेवावी.

तथापि, धोरण आणि वर्ग यांत अंतर आहे. शासनाच्या 'यूडायस प्लस' या शालेय माहिती प्रणालीच्या २०२३-२४ च्या अहवालानुसार देशातील सुमारे ५७ टक्के शाळांत संगणक आणि सुमारे ५४ टक्के शाळांत इंटरनेट उपलब्ध होते. म्हणजे त्या वेळी बऱ्याच शाळा यंत्राविना होत्या. शिवाय या विषयाचे दर्जेदार साहित्य प्रामुख्याने इंग्रजीत आहे. सुरगाणा किंवा पेठ तालुक्यातील विद्यार्थ्याला ही विद्या तिच्या संकल्पनांसह मराठीत मिळाली नाही, तर तो तिचा केवळ ग्राहक होईल; कर्ता होणार नाही. संगणक नसणे ही अडचण पैशाने दूर होऊ शकते. शब्द नसणे ही अडचण मात्र मराठीच्या अभ्यासकांनीच दूर करावयाची आहे.

४.२.४ मराठी भाषा आणि यंत्र

मजकूर तयार करणारी आजची यंत्रे 'भाषिक प्रतिमाना'वर चालतात. त्यांचे मूळ तत्त्व असे की, प्रचंड मजकूर वाचून यंत्र 'या शब्दांनंतर कोणता शब्द येण्याची शक्यता जास्त आहे' हे शिकते. वर्गात याचा प्रयोग कागदावर करता येतो. विद्यार्थ्यांकडून 'पाऊस' या शब्दानंतर क्रियापद येईल अशी वीस वाक्ये लिहून घ्या. समजा, ९ वाक्यांत 'पडला', ६ वाक्यांत 'आला', ३ वाक्यांत 'थांबला' आणि २ वाक्यांत 'लागला' आले. आता वर्गाचे यंत्र 'पाऊस' या शब्दापुढे 'पडला' हा शब्द सुचवील; कारण त्याची शक्यता वीसांत नऊ, म्हणजे ४५ टक्के आहे. मात्र 'ढग पांगले, ऊन पडले आणि पाऊस' असा संदर्भ दिला की 'थांबला' हा शब्द पुढे येतो. मोठी प्रतिमाने हेच काम अब्जावधी शब्दांच्या आधारे आणि दूरवरचा संदर्भ लक्षात घेऊन करतात.

यातून एक महत्त्वाचा निष्कर्ष निघतो. यंत्र संभाव्य वाक्य तयार करते. ते वाक्य सत्य असेलच असे नाही. म्हणूनच अस्तित्वात नसलेल्या पुस्तकाचे नाव किंवा चुकीचे साल ते ठामपणे सांगू शकते. प्रारंभीच्या निबंधात गाव का नव्हते, याचेही उत्तर येथे मिळते. यंत्राने असंख्य बाजारांची वर्णने वाचली. त्यांतून जे सर्वांत संभाव्य तेच लिहिले. त्या विद्यार्थ्याचा बाजार त्याच्या विदेत नव्हताच.

मराठीपुरत्या काही विशेष अडचणी आहेत.

लेखनव्यवस्था : संगणकात देवनागरी अक्षरे युनिकोड संकेतांनी साठवली जातात. आपल्याला 'क्षि' हे एक अक्षर दिसते. परंतु संगणकासाठी तो क, हलन्तचिन्ह, ष आणि इकार अशा चार संकेतांचा समूह आहे. प्रचलित साठवणपद्धतीत प्रत्येक देवनागरी संकेताला तीन बाइट लागतात, तर साध्या रोमन अक्षराला एकच. यंत्र मजकुराचे लहान तुकडे करून वाचते. त्याचा सराव प्रामुख्याने इंग्रजी मजकुरावर झालेला असेल, तर मराठी शब्दाचे अनेक तुकडे पडतात. काम महाग होते आणि अर्थ निसटण्याचा संभव वाढतो.

रूपव्यवस्था : 'घरासमोरच्यांनाही' या एका शब्दात 'घर' या नामाचे सामान्यरूप, 'समोर' हे शब्दयोगी अव्यय, 'च्या' आणि 'ना' हे प्रत्यय आणि 'ही' हे अव्यय एकत्र आले आहे. 'विहीर' या शब्दाला प्रत्यय लागताना 'विहिरीला' असे होते आणि 'ही' मधील दीर्घ ईकार ऱ्हस्व होतो. अशा एका शब्दाची शेकडो रूपे होतात आणि त्यांतील अनेक रूपे विदेत क्वचितच आढळतात. सामान्यरूप हा प्रकरणापुरता पाठ करावयाचा नियम आहे असे मानणाऱ्या विद्यार्थ्याला, तोच नियम यंत्राला मराठी शिकवताना उपयोगी पडतो हे दाखवले, तर व्याकरणाकडे पाहण्याची त्याची दृष्टी बदलेल.

अर्थ आणि आदर : 'वर मांडवात उभा राहून वर पाहत होता' या वाक्यात पहिला 'वर' नवरदेव आहे आणि दुसरा दिशादर्शक आहे. संदर्भाशिवाय हा भेद कळत नाही. तसेच इंग्रजीतील 'यू' या एका सर्वनामाचे भाषांतर तू, तुम्ही किंवा आपण यांपैकी काय करायचे, हे नाते कळल्याखेरीज ठरवता येत नाही. आजीला 'तू' म्हणणारी घरे आहेत आणि 'तुम्ही' म्हणणारीही आहेत. डॉक्टर 'आला', 'आली' की 'आले', हे ठरवताना यंत्र बहुधा विदेत जे जास्त आढळते तेच निवडते. येथे भाषेचा प्रश्न समाजातील समजुतींना जाऊन मिळतो.

बोली : नाशिक जिल्ह्यात बागलाण, कळवण, देवळा आणि मालेगाव या तालुक्यांत अहिराणी बोलली जाते, सुरगाणा, पेठ या भागांत कोकणा समाजाची बोली आहे. या बोलींतील लिखित मजकूर थोडा आहे. यंत्र प्रामुख्याने लिखितावर शिकते. जे लिहिले गेले नाही, ते त्याच्या लेखी अस्तित्वातच नसते. केंद्र सरकारने २०२२ मध्ये सुरू केलेल्या 'भाषिणी' या उपक्रमात भारतीय भाषांसाठी अनुवाद आणि वाणी-ओळख यांची साधने विकसित केली जात आहेत आणि त्यातील 'भाषादान' या योजनेत नागरिकांना आपल्या भाषेतील आवाज आणि मजकूर देता येतो. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा देण्याचा निर्णय घेतला. हा गौरव प्राचीन ग्रंथांमुळे मिळाला. परंतु उद्याच्या यंत्रांत मराठी कशी असेल, हे आज आपण तिच्यात काय आणि किती नोंदवतो यावर ठरेल.

स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न – २

१. 'क्षि' हे अक्षर संगणकात किती युनिकोड संकेतांनी साठवले जाते?
२. भाषिक प्रतिमान असत्य माहितीही ठामपणे का सांगू शकते?
३. बोलींबाबत यंत्रासमोरची मुख्य अडचण कोणती?

४.२.५ वर्गातील अध्यापन : काही उपक्रम

संगणकाशिवाय : दहा झाडांची पाने गोळा करावीत. 'पानाची कड दातेरी आहे का?', 'पान हातापेक्षा मोठे आहे का?' असे केवळ 'हो' किंवा 'नाही' उत्तरांचे प्रश्न विचारत झाड ओळखणारी मालिका विद्यार्थ्यांनी तयार करावी. यालाच 'निर्णयवृक्ष' म्हणतात. नंतर दुसऱ्या गटाने वेगळीच पाने आणून त्या मालिकेची परीक्षा घ्यावी. वर सांगितलेला 'पाऊस' या शब्दाचा प्रयोगही याच प्रकारचा आहे.

एका मोबाइलवर : शिक्षकाने एका प्रश्नाचे यंत्राने दिलेले उत्तर फळ्यावर लिहावे. उदाहरणार्थ, 'आपल्या तालुक्याची माहिती दहा वाक्यांत सांगा.' विद्यार्थ्यांनी प्रत्येक वाक्यापुढे 'पडताळले', 'चूक' किंवा 'पडताळता आले नाही' अशी खूण करावी. पडताळणीसाठी ग्रंथालय, ग्रामपंचायत आणि घरातील वडीलधारी माणसे यांची मदत घ्यावी.

बोलीचा कोश : विद्यार्थ्यांनी आजी-आजोबांकडून शेती, स्वयंपाक आणि सण यांच्याशी संबंधित पन्नास शब्द, त्यांचे अर्थ आणि एकेक वाक्य नोंदवावे. आवाज ध्वनिमुद्रित करण्यापूर्वी परवानगी घ्यावी आणि तो कशासाठी वापरला जाईल ते सांगावे. विदा कशी जमते आणि तीमागे माणसे असतात, हे या उपक्रमातून कळते.

४.२.६ विवेक आणि मूल्यमापन

शाळेत ही साधने वापरताना काही मर्यादा पाळणे आवश्यक आहे. युनेस्कोने २०२३ मधील मार्गदर्शनात वर्गातील वापरासाठी किमान तेरा वर्षांची वयोमर्यादा सुचवली आहे. भारताच्या २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण अधिनियमानुसार अठरा वर्षांखालील व्यक्ती बालक ठरते आणि तिच्या वैयक्तिक विदेसाठी पालकांची पडताळणीयोग्य संमती घ्यावी लागते. म्हणून विद्यार्थ्यांची नावे, छायाचित्रे आणि गुणपत्रके अशा साधनांत घालू नयेत, हा नियम शिक्षकाने आधी स्वतः पाळावा.

आता प्रारंभीच्या वहीकडे परत येऊ. बंदी घातली तर मुले लपून वापरतील. डोळेझाक केली तर लिहिण्याची शक्ती क्षीण होईल. निबंध लिहिणे म्हणजे कागद भरणे नव्हे. आपण पाहिलेले निवडणे, त्याला क्रम लावणे आणि त्याविषयी आपल्याला काय वाटते हे शोधणे होय. हा शोध यंत्राकडे सोपवला, तर गुण मिळतील; परंतु शोध घेणारे मन तयार होणार नाही.

म्हणून तिसरा मार्ग सुचवता येतो. शिक्षकाने तो निबंध रागावता परत द्यावा असे नाही. तो वर्गात सर्वांचा अभ्यासविषय करावा. लिहिणाऱ्याचे नाव न सांगता असाच एखादा मजकूर यंत्राकडून लिहवून घ्यावा आणि विचारावे : या बाजारात कोणता वास येतो? येथे कोण कोणाशी भांडते? कोणता शब्द फक्त आपल्याच गावात वापरतात? विद्यार्थ्यांनी बाजारात जाऊन नोंदी आणाव्यात आणि त्या नोंदींवरून निबंध पुन्हा लिहावा. मूल्यमापनात नोंदवही, पहिला कच्चा मसुदा, त्यातील दुरुस्त्या आणि पाच मिनिटांचे तोंडी उत्तर यांना गुण असावेत. यंत्राची मदत घेतली असल्यास ती कोठे आणि कशी घेतली, हे विद्यार्थ्याने शेवटी दोन ओळींत लिहावे. मदत घेणे हा दोष नाही. ती लपवणे हा दोष आहे.

४.३ सारांश

कृत्रिम बुद्धिमत्तेचे शिक्षण म्हणजे साधन वापरण्याचे शिक्षण एवढाच मर्यादित अर्थ नाही. प्रश्न नेमका मांडणे, विदा जमवणे, तिच्यातील पूर्वग्रह ओळखणे, यंत्राच्या उत्तराची पडताळणी करणे आणि परिणामांची जबाबदारी घेणे, ही त्याची अंगे आहेत. नाशिकच्या शाळकरी विद्यार्थ्याने गर्दीच्या प्रश्नावर शोधलेला उपाय आपल्याला दाखवतो की, ही वाट भोवतालच्या माणसांविषयीच्या आस्थेपासून सुरू होते. मराठीची लेखनव्यवस्था, रूपव्यवस्था, आदरार्थी रूपे आणि बोली यांचे ज्ञान हे यंत्रयुगात निरुपयोगी नसून अधिक मोलाचे झाले आहे. मराठीच्या शिक्षकाने या विषयापासून दूर न राहता पारखण्याची दृष्टी विद्यार्थ्यांना द्यावी, अशी अपेक्षा आहे.

४.४ पारिभाषिक संज्ञा

विदा : निरीक्षणे, मोजमापे, मजकूर, चित्रे वा आवाज यांच्या नोंदींचा संग्रह, डेटा.
प्रतिमान : उदाहरणांवरून यंत्राने तयार केलेली, अनुमानासाठी उपयोगी पडणारी गणिती रचना.
पूर्वग्रह : विदेतील किंवा रचनेतील एकतर्फी कल, ज्यामुळे निर्णय सातत्याने एका बाजूला झुकतात.
निर्णयवृक्ष : क्रमाने विचारलेल्या प्रश्नांच्या उत्तरांवरून निष्कर्षापर्यंत नेणारी रचना.

४.५ स्वयं-अध्ययनासाठी प्रश्नांची उत्तरे

प्रश्न १ : अ) १. चूक २. बरोबर ३. चूक. आ) ते उपकरण पावलांची मोजदाद करते, नोंदींवरून शिकून अनुमान करीत नाही.

प्रश्न २ : १. चार. २. ते संभाव्य शब्दक्रम तयार करते; विधानाची सत्यता तपासण्याची हमी त्यात नसते. ३. बोलींतील लिखित मजकूर अत्यल्प असल्याने यंत्राला शिकण्यासाठी विदा मिळत नाही.

४.६ सरावासाठी स्वाध्याय

१. 'यंत्राला प्रश्न विचारता येणे म्हणजे कौशल्य नव्हे. उत्तर पारखता येणे हे कौशल्य आहे.' या विधानाची सोदाहरण चर्चा करा.
२. मराठीतील सामान्यरूपाची संकल्पना स्पष्ट करून भाषिक प्रतिमानांच्या संदर्भात तिचे महत्त्व सांगा.
३. टीप लिहा : विदेतील पूर्वग्रह, प्रकल्प-चक्र, बोली आणि यंत्र.

क्षेत्रीय कार्य : तुमच्या गावातील आठवडे बाजाराला भेट द्या. तेथे ऐकलेले, छापील मराठीत सहसा न आढळणारे पंचवीस शब्द अर्थासह नोंदवा. त्यांपैकी प्रत्येक शब्दाचा अर्थ एखाद्या भाषिक प्रतिमानाला विचारा आणि बरोबर, अर्धवट, चूक असे उत्तरांचे वर्गीकरण करा. जे शब्द यंत्राला समजले नाहीत, ते तुम्हांला कोणी शिकवले, याविषयी शेवटी दहा ओळी लिहा.